हिरड्या का वाढतात?

निरोगी हिरडी फिकट गुलाबी, घट्ट आणि दाताला चिकटून असते. दोन दातांच्या मधे तिचे टोक पातळ व निमुळते असते. हिरडी वाढू लागली की आधी हे टोक फुगून गोल होते, मग ती हळूहळू दातावर चढते.

याचे नेहमीचे कारण म्हणजे दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर. तो रोज निघाला नाही तर त्याचे कीटण होते आणि ते ब्रशने निघत नाही. या थरामुळे हिरडी लाल आणि मऊ होते, ब्रश लागताच रक्त येते. रक्त पाहून अनेक जण तिथे ब्रश फिरवणेच सोडतात. थर आणखी साचतो, सूज वाढते. धूम्रपान करणाऱ्यांत रक्त कमी येते, त्यामुळे आजार लपून राहतो. वयात येताना आणि गरोदरपणी संप्रेरके बदलतात, तेव्हा थोड्या थरानेही हिरड्या सुजतात.

काही औषधांनीही हिरड्या वाढतात: फिट्ससाठीचे फेनिटॉइन, रक्तदाबासाठीचे अ‍ॅम्लोडिपिन व निफेडिपिन, अवयवरोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन. औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांत, बहुधा पुढच्या दातांपासून, ही वाढ दिसू लागते. ती टणक असते आणि सहसा दुखत नाही. मात्र गोळी परस्पर बंद करू नये. फिट येण्याचा किंवा रक्तदाब चढण्याचा धोका असतो. पर्यायी औषधाचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. क जीवनसत्त्वाची कमतरता, आनुवंशिकता आणि रक्ताचा कर्करोग ही विरळा कारणे.

नीट ब्रश करूनही आठ-दहा दिवसांत रक्त थांबले नाही, पू आला, दात हलू लागला किंवा हिरडीवर गाठ आली, तर दंतवैद्याकडे जावे. सुजेसोबत ताप, फिकटपणा, अंगावर काळेनिळे डाग असतील तर रक्ततपासणी लांबवू नये. चेहरा सुजून गिळणे किंवा श्वास घेणे कठीण झाल्यास थेट रुग्णालय गाठावे.

दंतवैद्य बारीक सळईने दात आणि हिरडी यांमधली खोली मोजतात. 3 मिलिमीटरपर्यंतची खोली सर्वसाधारण असते. त्याहून जास्त भरली, तर ती नुसत्या सुजेमुळे आहे की दाताखालचे हाड झिजल्यामुळे, हे एक्स-रेवरून कळते. पहिला उपचार म्हणजे कीटण काढणे. त्याने दात सैल होतात हा समज चुकीचा आहे. एवढ्याने हिरडी ओसरली नाही तर वाढलेला भाग शस्त्रक्रियेने कापतात. औषध तेच राहिले आणि स्वच्छतेत ढिलाई झाली, तर ती पुन्हा वाढू शकते.