सराटे, स्नायू आणि टेस्टोस्टेरॉन

कोरडवाहू रानात पायात रुतणारा सराटा, म्हणजेच गोखरू, आज जिममध्ये काळ्या-सोनेरी डब्यांतून महागड्या कॅप्सूल होऊन विकला जातो. सोबत अश्वगंधा, मेथी, सफेद मुसळी असते आणि डब्यावर ‘टेस्टोस्टेरॉन बूस्टर’ असे लिहिलेले असते. गोखरूची ही कीर्ती बल्गेरियातून आली. १९८०च्या दशकात तिथल्या वेटलिफ्टरांनी जग गाजवले आणि त्यांच्या ताकदीचे श्रेय तिथे औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या गोखरूच्या अर्काला देण्यात आले. ही कथा सांगणारे पुढचा भाग मात्र गाळतात. १९८८च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये याच संघातले दोन सुवर्णविजेते बंदी असलेले मूत्रल औषध घेतल्याचे आढळले, त्यांची पदके गेली आणि संपूर्ण संघ माघारी बोलावला गेला. पुढे बल्गेरियातल्याच संशोधकांनी २१ निरोगी तरुणांवर गोखरूच्या अर्काची चाचणी घेतली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चार आठवड्यांनंतरही टेस्टोस्टेरॉन वाढलेले दिसले नाही. ऑस्ट्रेलियातल्या रग्बी खेळाडूंवरचा पाच आठवड्यांचा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. गोखरू घेणारे आणि तशीच दिसणारी पण औषधी गुण नसलेली गोळी घेणारे, या दोन्ही गटांची ताकद सारखीच वाढली.

असे का होते, हे शरीराच्या रचनेत दडलेले आहे आणि माझ्या मते या विषयाचा गाभाही तिथेच आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला इशारा देतो, ती एलएच नावाचे संप्रेरक रक्तात सोडते आणि त्याच्या हुकमाने वृषण टेस्टोस्टेरॉन बनवतात. रक्तातली पातळी वाढली की मेंदू इशारा कमी करतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढले की फ्लोट वर उचलला जाऊन नळ आपोआप बंद होतो, तसेच हे. शिवाय टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर स्वतःच एस्ट्रोजेनमध्ये बदलते, आणि तो वाया जात नाही. हा बदल औषधाने थांबवला तर पुरुषांच्या अंगावर चरबी वाढते आणि लैंगिक इच्छा कमी होते, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका काळजीपूर्वक प्रयोगात दिसले. तरीही कित्येक डब्यांवर ‘एस्ट्रोजेन रोखतो’ हा मोठाच गुण म्हणून छापलेला असतो.

आता या यंत्रणेपुढे विक्रेत्याचा दावा ठेवून पाहा. तो एका दमात दोन गोष्टी सांगतो: हे वनस्पतीजन्य आहे, म्हणून निरुपद्रवी, आणि यामुळे हार्मोन इतके वाढते की स्नायू फुगतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे फार अवघड आहे. स्नायूंवर डोळ्यांना दिसेल असा फरक पडायला टेस्टोस्टेरॉन किती लागते, हे १९९६च्या एका प्रसिद्ध प्रयोगातून कळते. त्यात ४३ पुरुषांचे चार गट होते आणि दोन गटांना दहा आठवडे, दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन दिले गेले. केवळ व्यायाम करणाऱ्यांचे चरबीविरहित वजन सुमारे दोन किलोंनी वाढले, तर इंजेक्शन आणि व्यायाम दोन्ही मिळालेल्यांचे सहा किलोंनी. तेव्हा त्यांच्या रक्तातली पातळी नैसर्गिक मर्यादेच्या कितीतरी पुढे गेली होती. एवढे हार्मोन बाहेरून आले की मेंदूचा इशारा थांबतो, वृषण आकसतात, शुक्रजंतू घटतात. एखादी वनस्पती खरोखर एवढे करू शकत असती, तर ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकणे धोक्याचे ठरले असते. ती तसे करत नसेल, तर तिच्यावर महिन्याला हजारो रुपये कशासाठी घालवायचे?

यावर अश्वगंधेचे उदाहरण हमखास पुढे केले जाते, आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही. २०१५च्या एका भारतीय अभ्यासात ५७ पुरुषांपैकी निम्म्यांना आठ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम अर्क दिला. त्यांचे टेस्टोस्टेरॉन सरासरी ९६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर वाढले, दुसऱ्या गटाचे १८. पण निरोगी तरुणांत ही पातळी साधारण ३०० ते ९०० या पट्ट्यात कुठेही असू शकते आणि एकाच माणसाची सकाळची पातळी संध्याकाळपेक्षा बरीच जास्त असते. ९६चा फरक या नैसर्गिक चढउतारात सहज मावतो. याच अभ्यासात बेंच प्रेसमध्ये अश्वगंधेच्या गटाने मोठी आघाडीही घेतली, पण ती एवढ्याशा हार्मोनमुळे आली, असे मानणे मला पटत नाही. व्यायामानंतर काही काळ टेस्टोस्टेरॉन उसळते, त्याचाही स्नायूंच्या वाढीशी संबंध दिसत नाही. ५६ तरुणांवरच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासात तो आढळला नाही. अश्वगंधेमुळे ताण कमी होत असेल, झोप सुधारत असेल, तर त्या कारणासाठी तिचा जरूर विचार व्हावा. मात्र तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतातूनही आल्या आहेत आणि डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली, हेही ग्राहकाला सांगायला हवे.

दुसरा आक्षेप परंपरेचा असतो. आयुर्वेदाने हजारो वर्षे वापरलेली वनस्पती खोटी कशी असेल? ती खोटी नाहीच. गोक्षुर, म्हणजेच गोखरू, दशमूळांपैकी एक आहे आणि लघवीच्या तक्रारींवर तो मुख्यतः दिला जातो. वाजीकरणात, म्हणजे लैंगिक शक्तीच्या उपचारांतही, त्याला स्थान आहे. पण वैद्य प्रकृती पाहून, अनुपान सांगून, ठरावीक काळापुरते औषध देतो. बेंच प्रेसवर वीस किलो वाढवण्याचे वचन त्यात नाही. ते वचन डबेवाल्या कंपन्यांचे आहे आणि त्याला आयुर्वेदाचे नाव लावणे हा आयुर्वेदावरच अन्याय आहे. २०२० साली अमेरिकी संशोधकांनी ‘टेस्टोस्टेरॉन बूस्टर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ५० उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या साठ टक्क्यांहून अधिक घटकांचा टेस्टोस्टेरॉनवरील परिणाम तपासणारा एकही अभ्यास त्यांना सापडला नाही. सुमारे दहा टक्के घटक तर टेस्टोस्टेरॉन घटवतात, असे दिसले.

तरीही ‘मला फरक पडला’ असे सांगणारे प्रामाणिक असतात. १९७२च्या एका प्रयोगात स्टेरॉइड मिळते आहे अशा समजुतीत साधी गोळी घेणाऱ्या लिफ्टरांची ताकद खरोखर वाढली होती. डबा विकत घेतलेला माणूस जास्त नियमित जिमला जातो, नीट खातो, लवकर झोपतो. या सवयींचा परिणाम खरा असतो. एका प्रयोगात निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरले. लठ्ठ माणसाचे वजन उतरले की त्याची पातळी वर येते. ज्याला खरोखर कमतरता आहे, त्याची दोन वेगवेगळ्या सकाळी रक्ततपासणी होऊन एंडोक्रिनॉलॉजिस्टकडून उपचार व्हायला हवेत. पुडी बांधून देणाऱ्या ट्रेनरकडून ते होणार नाही.

मला सर्वात जास्त भीती वाटते ती चार आठवड्यांत छाती भरून आणणाऱ्या डब्याची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात भेसळ पकडलेल्या ७७६ उत्पादनांपैकी ९२ स्नायू वाढवण्यासाठी विकली जात होती आणि त्यांतल्या बहुतेकांत लेबलवर न छापलेली कृत्रिम स्टेरॉइड्स निघाली. ‘हर्बल’ समजून असा डबा संपवणाऱ्या मुलाचे टेस्टोस्टेरॉन बनणे आतून मंदावते, आणि डबा थांबवल्यावर ते पूर्ववत व्हायला महिने लागू शकतात. स्पर्धक असेल तर उत्तेजक चाचणीत लेबलवर काय छापले होते याने तो सुटत नाही. नमुन्यात सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी त्याचीच धरली जाते.