विकत घेतलं, पण आपलं झालं का?

१ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात एक छोटासा कायदा लागू झाला. ऑनलाइन दुकानात सिनेमा, गेम किंवा ई-पुस्तकासमोर 'विकत घ्या' असं बटण ठेवायचं असेल, तर दुकानदाराने स्पष्ट सांगायचं की बाबा रे, तुला मिळतंय ते फक्त वापरायचं लायसन्स, मालकी नव्हे. कायमची उतरवून घेऊन नेटशिवाय वापरता येणारी वस्तू असेल तर या नियमातून सूट. या कायद्याच्या मागे बऱ्याच तक्रारी होत्या. त्यातली तरुण वाचकांना आठवत असेल ती 'द क्रू' या गेमची. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले आणि लोकांनी रोख पैसे मोजून घेतलेला गेम एकट्याने खेळायलासुद्धा उपयोगाचा राहिला नाही.

मला या बातमीचं नवल वाटलं नाही. मी गेली पंचवीस वर्षं इंदुरात वकिली करते. त्यातला मोठा भाग कोर्टाबाहेरचा, म्हणजे लोकांची करारपत्रं वाचण्याचा. राहायला आम्ही सिमरोलला, खंडवा रोडवर. आयआयटी इथे आल्यापासून गावाचा चेहरामोहरा बदलला, आणि माझ्या बहिणीचा मुलगा तिथेच शिकायला आल्यापासून आमच्या रविवारच्या जेवणाच्या टेबलावरचे विषयही बदलले. पूर्वी भाव आणि लग्नं यांवर बोलायचो. आता तो येतो आणि वरणभात कालवता कालवता विचारतो, "मावशी, अमुक कंपनीने लायसन्स बदललं, वाचलंस का?" वाचलेलं असतं. मग वाद होतो. हा लेख त्या वादांतूनच निघालाय, त्यामुळे तो निःपक्षपाती असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

माझं पहिलं म्हणणं असं की सॉफ्टवेअर ही चीज सोयीप्रमाणे रंग बदलते. आपल्या सुप्रीम कोर्टाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार या खटल्यात सांगितलं की डबाबंद तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे, म्हणून त्यावर विक्रीकर लागेल. पुढे आयकर खातं म्हणू लागलं की परदेशी कंपनीला सॉफ्टवेअरसाठी दिलेले पैसे ही कॉपीराइटची रॉयल्टी, त्यावर इथे कर कापा. हा वाद बरीच वर्षं चालला. शेवटी २ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टाने इंजिनिअरिंग ॲनॅलिसिस या खटल्यात निकाल दिला की नाही, गिऱ्हाइकाला कॉपीराइट मिळत नाही, कॉपीराइट असलेल्या वस्तूची एक प्रत मिळते. दुकानातून पुस्तक घेतलं म्हणून कोणी लेखक होत नाही, तसंच.

ठीक. मग पुस्तकासारखंच असेल, तर पुस्तक मी वाचून रद्दीवाल्याला देऊ शकते, भाच्याला देऊ शकते, माळ्यावर वीस वर्षं ठेवून पुन्हा उघडू शकते. सॉफ्टवेअरच्या करारात मात्र 'आम्ही तुम्हाला काहीही विकत नाही' हे वाक्य कुठेतरी असतंच. कर भरताना ती वस्तू आणि हक्क मागताना ते लायसन्स, असा हा खाक्या आहे. 'मला मान्य आहे' या चौकोनावर टिचकी मारताना निदान एवढं तरी माहीत असावं.

आता तुम्ही म्हणाल, गेम बंद पडला तर पडला. पण २०२५ च्या जुलैमध्ये काय झालं ते पाहा. युरोपीय संघाने नायरा एनर्जी या आपल्याकडच्या तेल कंपनीवर निर्बंध घातले, कारण तिच्यात रशियाच्या रोझनेफ्टचा मोठा वाटा आहे. कंपनी भारतात नोंदलेली, रिफायनरी गुजरातेत वाडिनारला. तरी मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. आपले पैसे भरलेले आहेत, लायसन्स चालू आहे, मग हे कसं, असं म्हणत कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली आणि त्यानंतर काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. निर्बंध योग्य की अयोग्य हा माझा विषय नाही. माझा मुद्दा एवढाच की एका मोठ्या रिफायनरीचा ईमेल दुसऱ्या खंडातल्या निर्णयाने बंद होऊ शकतो, तर तुमच्या-माझ्या घरचे फोटो, हिशेब आणि कागदपत्रं कुठल्या झाडाचा पाला!

आमच्या घरी हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. माझ्या सासऱ्यांनी निवृत्तीनंतर घराण्याचा कुलवृत्तांत लिहिला. कोकणातून निघून ग्वाल्हेर, देवास, इंदूर करत पांगलेल्या शाखा, कोण कुणाला दत्तक गेलं, कुणी होळकरांच्या दफ्तरात नोकरी केली, कुणाच्या तीन मुली प्लेगात गेल्या, सगळं. १९९९ साली त्यांनी स्वतः संगणक आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि दीड वर्ष खपून चारशेच्या वर पानं टाइप केली. २०११ मध्ये ते गेले. आता पुढची पिढी नवी आवृत्ती मागतेय, कारण ज्यांना जुन्या गोष्टी आठवतात ती माणसं दर वर्षी कमी होताहेत. फाइल आहे, सीडी आहे, पावतीसुद्धा आहे. फक्त ते सॉफ्टवेअर उघडत नाही. त्याला संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी लावायचं एक 'लॉक' होतं, आणि तसं भोकच आजच्या लॅपटॉपला नसतं. कंपनीला विचारलं (नाव कशाला घेऊ), तर उत्तर आलं की नवी आवृत्ती घ्या, पण जुन्या फाइलींची हमी नाही.

इथे थोडं तांत्रिक सांगते, कारण मध्य प्रदेशात ज्यांनी हिंदी टायपिंग केलंय त्यांनाही ते लागू आहे. जुन्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरं खरी नसतातच. आत इंग्रजी अक्षरं असतात, वरचा चेहरा फक्त मराठीचा. आपल्याकडच्या कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेला कृतिदेव घ्या. त्यात 'राम' लिहिलंत की फाइलमध्ये जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरं साठतात. फाँट काढून घ्या, की रामही गेला. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे फाँट बदलला तरी 'र' हा 'र'च राहतो. पण त्या काळी प्रत्येक कंपनीची आतली मांडणी वेगळी होती, आणि ती गुपित ठेवण्यातच तिचा धंदा होता.

भाच्याने तीन रविवार खर्च करून एक छोटा प्रोग्राम लिहिला. जुन्या फाइलीतली खूण वाचायची आणि तिच्या जागी युनिकोडचं अक्षर ठेवायचं. हे कायद्यात बसतं का, असं त्याने मला विचारलं तेव्हा मी मनातून खूश झाले. बसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वाचा. ज्याच्याकडे सॉफ्टवेअरची कायदेशीर प्रत आहे, त्याला नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत करता येते. आपला स्वतंत्र प्रोग्राम त्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक माहिती सहज मिळत नसेल, तर ती शोधून काढता येते. तो चालतो कसा याचा अभ्यासही करता येतो. २०१२ साली कुलपं तोडण्याविरुद्ध ६५-अ हे कलम आलं, पण कायद्याने ज्याला मनाई केलेली नाही अशा कामाला त्यातही मोकळीक आहे. आणि मुळात मजकूर सासऱ्यांचा. फाँट कंपनीचा असेल, तीन मुलींची कहाणी कंपनीची नव्हे.

खरी गंमत पुढे झाली. त्याने तो प्रोग्राम सगळ्यांना वापरता यावा म्हणून इंटरनेटवर ठेवला आणि मला अभिमानाने दाखवला. मी विचारलं, लायसन्स कुठलं दिलंस? म्हणाला, "काहीच नाही, फुकट आहे ना!" आयआयटीत शिकणाऱ्या मुलालाही हे सांगावं लागतं याचा अर्थ बाकीच्यांनाही सांगायला हवं. लायसन्स न देणं म्हणजे सगळ्यांना मोकळीक नव्हे, त्याच्या बरोबर उलट. लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीवर लेखकाचा कॉपीराइट आपोआप असतो, आणि आपल्या कायद्यात संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतीतच मोडतो. लेखकाने परवानगी लिहून दिली नाही, तर दुसऱ्याने तो वापरणं, बदलणं, पुढे देणं हे सगळं अडचणीचं.

मग कुठलं लायसन्स, यावर आमचं भांडण जुंपलं. त्याला एमआयटी लायसन्स हवं. चार ओळींचं, सुटसुटीत. नाव ठेवा आणि काय हवं ते करा. मी जीपीएलच्या बाजूची. रिचर्ड स्टॉलमनने १९८९ मध्ये काढलेल्या या लायसन्सचं सूत्र सोपं आहे. घ्या, बदला, विकासुद्धा. पण पुढच्या माणसाला देताना मूळ कोड आणि हेच हक्क त्यालाही द्या. भाचा म्हणतो, "मावशी, तू लोकांवर अटी घालतेस." मी म्हणते, अट नसेल तर उद्या कोणीतरी हाच प्रोग्राम घेऊन त्याला पुन्हा लॉक लावेल आणि तुझ्याच मावशीला विकेल. तो एमआयटीवर अडून बसला आणि प्रोग्राम त्याचा असल्यामुळे त्याचंच चाललं. मला पटलेलं नाही.

असल्या फुकट लायसन्सना कोर्टात किंमत असते का, ही शंका मात्र काढून टाका. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल अपील कोर्टाने जेकबसेन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात सांगितलं की मुक्त लायसन्सच्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. वाद होता खेळण्यातल्या रेल्वे चालवायच्या सॉफ्टवेअरवरून! (पातालपाणी-कालाकुंडची गाडी पाहिलेल्या मुलांना हा खटला आवडेल.) उलट बाजूही सांगते. लायसन्स मुक्त आहे म्हणून कंपनी कायम मुक्तच राहील असं नाही. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचं लायसन्स आवळलं, रेडिसने मार्च २०२४ मध्ये तेच केलं. पण आधीच्या आवृत्त्या मुक्त होत्या, त्यामुळे लोकांनी त्या घेऊन ओपन-टोफू आणि व्हाल्की असे वेगळे संसार थाटले. रेडिस २०२५ मध्ये पुन्हा मुक्त लायसन्सकडे वळलं. दिलेला हक्क परत घेता आला नाही, म्हणून हे घडलं.

आयटीत नोकरी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण यावर मला सगळ्यांत जास्त फोन येतात. कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक मालकच, वेगळा करार नसेल तर. काही नेमणूकपत्रं त्याहून पुढे जाऊन रविवारी घरी लिहिलेलंही मागतात. सही करण्याआधी ते पान वाचा आणि खटकलं तर तेव्हाच बोला. सही झाल्यावर माझ्याकडे येऊन फारसा उपयोग नसतो.

आणि चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल. 'घरी कोण बघतंय' हे वाक्य मी आपल्या लोकांकडून इतकं ऐकलंय की कंटाळा आलाय. कलम ६३-ब वाचा. माहीत असून चोरीची प्रत संगणकावर वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. पण माझा राग कायद्यापेक्षा आळशीपणावर आहे. मराठी अक्षरासाठी आज चोरी करायची गरजच नाही. मुंबईच्या एक टाइपने 'मुक्त' आणि 'बलू' हे फाँट मुक्त लायसन्सखाली दिलेत, 'मोदक'ही तसाच मिळतो. त्यात पत्रिका छापा, पुस्तक छापा, विका. फक्त फाँटच सुटा विकायचा नाही. लिब्रेऑफिस शिकायचं असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतसुद्धा आहेत.

कुलवृत्तांताचं म्हणाल, तर प्रोग्रामने काम बरंच केलं. अडलं ते नेमकं मराठीच्या खास ठिकाणी. 'दऱ्या', 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला चंद्रकोरीसारखा 'र' जुन्या फाँटमध्ये दोन-तीन प्रकारे लिहिलेला निघाला, आणि 'सुऱ्या'चा जागोजागी 'सुर्या' झाला. मुखपृष्ठाच्या मागच्या पानावर कॉपीराइटची ओळ लिहायची होती. सासऱ्यांच्या लेखनाचा हक्क ३१ डिसेंबर २०७१ पर्यंत वारसांकडे, म्हणजे माझे यजमान आणि नणंदबाई. कोणीही प्रत काढावी, पण नाव ठेवावं आणि विकू नये, अशी ओळ मी सुचवली. नणंदबाईंनी जळगावहून सही पाठवली, सोबत चिठ्ठी, की हयात माणसांच्या जन्मतारखा आणि फोन नंबर आधी काढा. त्यांचं बरोबर आहे, ते नेटवर जाता कामा नये. त्या गाळायचं काम धाकट्या जावेने घेतलंय. 'ऱ्या' तपासायचं काम माझ्याकडे, आणि काल रात्री मी पान २१२ वर होते.