टाकीची भेग बुजवणारे जिवाणू. चित्र काढायचं तरी कसं?

पवई : सिमेंटच्या टाकीची बारीक भेग जिवाणू बुजवतात, असं सांगितलं तर गावात हसतील. पण हे खरं आहे. नेदरलँडमधल्या डेल्फ्ट विद्यापीठाचे हेंक योंकर्स यांनी २००६ पासून अशा काँक्रीटवर काम केलं. माल कालवतानाच त्यात जिवाणूंचे बीजाणू आणि त्यांचं खाद्य, कॅल्शियम लॅक्टेट, मिसळतात. कोठीतलं हरभऱ्याचं बी पाणी लागेपर्यंत निपचित असतं, तसेच हे बीजाणू. भेगेतून पाणी शिरलं की जागे होतात, खाद्य खातात आणि त्यातून चुनखडी तयार होते. तीच भेग बुजवते.

हे चित्रातून दाखवणं मात्र सोपं नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत १९६९ साली सुरू झालेल्या आयडीसी या डिझाइन विभागात दृश्यसंवाद हा वेगळा विषय म्हणून शिकवतात, तो अशाच कामांसाठी.

पहिली अडचण मापाची. जिवाणू ज्वारीच्या दाण्याएवढा काढला, तर अर्ध्या मिलिमीटरची भेग त्याच मापाने दोन फूट रुंद होईल. मोबाइलवर मावणार कशी? म्हणून आधी टाकी, मग गोल भिंगात भेग, त्यावर आणखी एक भिंग आणि त्यात जिवाणू.

लाल रंग नको. दवाखान्यातल्या फलकांमुळे लाल जंतू म्हणजे रोग, असंच डोक्यात बसलंय. हातात थापी घेतलेला हसरा जिवाणूही नको. गंमत वाटते, पण जिवाणू गवंडीकाम करत नाही. त्याच्या भोवती पांढरा थर जमताना दिसला पाहिजे. हे काम एका रात्रीत होत नाही, आठवडे लागतात. म्हणून तीच भेग तीनदा, एकाखाली एक काढावी : कोरडी, ओली, बुजलेली. मोबाइल उभाच धरतात ना!

चित्र झालं की विषय माहीत नसलेल्याला दाखवावं. ‘कळलं का?’ विचारू नये, सगळेच हो म्हणतात. ‘इथं काय चाललंय?’ असं विचारावं. ‘जुन्या टाकीवर पावडर टाकली की झालं’ असं उत्तर आलं, तर चित्र चुकलं, आणि त्यावर विसंबणाऱ्याचे पैसे पाण्यात. त्यासाठी सगळ्यात वर घमेल्यात माल कालवताना दाखवावा. तळाला बोटभर तडा आणि गंजलेली सळई काढून शेजारी लिहावं : ‘इथं जिवाणू चालत नाहीत, गवंडी बोलवा.’