राखणीच्या कुत्र्याचे लसीकरण: डॉक्टरांना काय विचाराल?

कुत्र्याला कोणती लस द्यायची, हे पशुवैद्यकाला मोकळेपणाने विचारा. रेबीजच्या लसीत मात्र सवलत मागू नका. लक्षणे दिसल्यावर हा रोग जवळपास नेहमीच जीव घेतो, माणसाचाही. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात पहिली मात्रा, पुढे डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. पार्व्हो-डिस्टेंपरची लस ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होते. लेप्टोस्पायरोसिसच्या लसीबाबत चर्चेला जागा आहे. भातखाचरात, उंदरांच्या वावरात फिरणाऱ्या कुत्र्याला ती द्यावी, असे माझे मत. दारात बांधलेल्याला डॉक्टर कदाचित नको म्हणतील. कारण समजावून सांगणारा डॉक्टर धरून ठेवा. कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवली होती का, हेही विचारा. बर्फाशिवाय पिशवीतून आणलेली लस सरळ नाकारा. कार्डावर तारीख व बॅच नंबर लिहून घ्या.