एका डब्यातले सोबती

लग्नसराईत एखादी पत्रिका अशी येते की तिच्यावरचे नाव घरात कोणालाच ओळखू येत नाही. ना सोयऱ्याची, ना भावकीची. कारभारणीला प्रश्न पडतो. पण कारभाऱ्यांनी चष्मा लावून नाव वाचले की त्यांचा चेहरा खुलतो. "अगं, हा आमच्या खोलीतला!" पन्नास वर्षांपूर्वी कॉलेजात असताना तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी दहा बाय दहाच्या खोलीत चौघे राहिले, त्यातला एक. भर उन्हाची दोन एस. टी. बदलून त्याच्या मुलीच्या लग्नाला जायचे म्हणजे घरच्यांना वेड वाटते. वाचकहो, ते वेड नाही.

खेड्यातल्या मुलाला शिकायचे तर शहरात डोके टेकायला जागा हवी, हे आपल्याकडे फार आधी ओळखले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तिथे तर सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीला बसत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले, ही हकीकत तुमच्या आजी-आजोबांनी सांगितली असेल. गावात ज्याच्या हातचे पाणी चालत नसे, त्याच्याच शेजारी बसून भाकरी खाल्लेली ती मुले. त्या मैत्रीला पुढे आयुष्यभर बळ राहिले यात नवल ते काय?

ज्यांना बोर्डिंगात जागा मिळाली नाही ते भाड्याच्या खोलीत राहिले. त्यांची अन्नपूर्णा म्हणजे एस. टी. पहाटे आईने भाकऱ्या, चटणी, कोरड्यास बांधून डबा फाट्यावर कंडक्टरच्या स्वाधीन करायचा. मुलाने स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचा. रिकामा डबा परतीच्या गाडीने घरी. चार घरचे चार डबे एकत्र उघडायचे. एखाद्याची गाडी चुकली तर तिघांच्या डब्यात चौघे. १९७२ च्या दुष्काळात घरी रेशनची मिलो ज्वारी आणि आईबाप खडी फोडायला, अशा वेळी ज्याच्या विहिरीला थोडे पाणी होते त्याच्या डब्यावर दुसऱ्याची परीक्षा पार पडली. हे उपकार कोणी वहीत मांडून ठेवत नाही. म्हणूनच तो माणूस चाळीस वर्षांनी दारात उभा राहिला, तर त्याला "कोण पाहिजे?" असे विचारू नका.

आता फोनमुळे हरवलेले सोबती सापडू लागले आहेत आणि स्नेहमेळावे जागोजागी भरतात. भरवणार असाल तर नोकरदारांच्या सोयीने दिवाळीत नको. तेव्हा रब्बीच्या पेरण्या अन् उसाच्या तोडीची घाई असते. रब्बीचे खळे उरकल्यावर, उन्हाळ्यात, नांगरटी झालेल्या असताना शेतकरी मोकळा असतो. हॉलही कशाला? एखाद्याच्या मळ्यात आंब्याखाली पिठले-भाकरी झाली तर गोडी जास्त.

पण एक बघा. वीसपैकी दोघे-तिघे कधीच येत नाहीत. कोणी साहेब झाला, कोणी कारखान्यात लागला, कोणी दीड एकर कोरडवाहूत अडकला. दोन हजार वर्गणी, सर्वांना सारखे शर्ट, असे ठरले की तो "बैल आजारी आहे" म्हणून निरोप धाडतो. बैल ठणठणीत असतो. तेव्हा वर्गणीचे आकडे फोनवर सर्वांसमोर मांडू नयेत. ज्याला झेपेल त्याने द्यावे, आणि न येणाऱ्याला आणायला दोघांनी त्याच्या घरी जावे.

मैत्रीत जामीनकी येते तिथे मात्र सावध राहा. करार कायदा १८७२ सालचा आहे, आणि त्याच्या कलम १२८ प्रमाणे करारात वेगळे लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. "सही तर करायची" म्हणून सोसायटीच्या कागदावर सही केली आणि कर्ज थकले, तर वसुली तुमच्यापर्यंत येते. मित्राची नड असेल तर झेपेल तेवढी रक्कम हातात द्या, परत आली तर आली. सही करायचीच असेल तर घरात सांगून करा.

आणि भगिनींनो, तुमच्या खोलीतल्या मैत्रिणींचे काय? मुलींच्या वसतिगृहात तुम्हीही एका पेटीत तिघींची लुगडी ठेवली, एकमेकींच्या तापात रात्री जागवल्या. पुढे लग्ने झाली. आडनाव बदलले, गाव बदलले, काहींचे तर पाळण्यातले नावही बदलले. पुरुष सोबती जुन्या नावाने सापडतो, तुमची मैत्रीण सापडत नाही. तिचे माहेरचे गाव आठवा. तिथे तिचा भाऊ-भावजय असतील; निरोप धाडा. किंवा श्रावणात, दिवाळीत ती माहेरी येते त्या दिवसांत जाऊन या. यादी करताना माहेरचे व सासरचे, दोन्ही नावे लिहा. आणि कारभाऱ्यांनो, ती म्हणाली, "मला दोन दिवस मैत्रिणीकडे जायचंय," तर धारा कोण काढणार हे विचारू नका. त्या दोन दिवसांच्या धारा तुम्ही काढा.