तिच्या वतीनं बोलणार कोण?

परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानभाग ४२ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यातला बहुतेक काळ त्या कुठल्याही यंत्रावर नव्हत्या. श्वास त्यांचा त्या घेत होत्या, मऊ कालवलेलं अन्न तोंडानं गिळत होत्या. दयामरणाचा देशातला सगळ्यात गाजलेला खटला त्यांच्या नावानं ओळखला जातो. पण व्हेंटिलेटर बंद करण्याचा प्रश्न तिथं नव्हताच. प्रश्न होता, भरवणं थांबवायचं का.

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी याच रुग्णालयातल्या एका सफाई कामगारानं या तरुण परिचारिकेवर अत्याचार केला. कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळल्यामुळं मेंदूचा प्राणवायूपुरवठा तुटला. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या परिचारिकांनी त्यांना न्हाऊमाखू घातलं, कुशीवर वळवलं. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण झाला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयालाही घ्यावीशी वाटली. १९८०च्या दशकात पालिकेनं त्यांना दुसरीकडं हलवायचं ठरवलं, तेव्हा याच परिचारिका आंदोलनाला उभ्या राहिल्या.

लेखिका पिंकी विराणी यांनी २००९मध्ये न्यायालयात धाव घेतली. हे जगणं अरुणांना नको असेल, त्यांना सन्मानानं जाऊ द्या, ही त्यांची मागणी होती आणि तीही कळवळ्यातूनच आलेली होती. न्यायालयानं नेमलेल्या तीन डॉक्टरांनी अरुणांना तपासलं. त्या कोमात नव्हत्या, मेंदूमृतही नव्हत्या. ‘परसिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’ या अवस्थेची बहुतेक लक्षणं त्यांच्यात होती. या अवस्थेत डोळे उघडे असतात, झोप-जागेचं चक्र चालू असतं, पण भोवतालची जाणीव दिसत नाही.

हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण घरोघरी तिन्ही गोष्टी एकच समजल्या जातात. मेंदूमृत्यू म्हणजे १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं मान्य केलेला मृत्यू. ठरावीक डॉक्टरांच्या समितीनं किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी केल्यावरच तो जाहीर होतो. पुण्यात ‘ग्रीन कॉरिडॉर’ करून हृदय किंवा यकृत धाडलं जातं, ते अशाच दात्यांचं. तिथं नैतिक पेच फारसा उरत नाही. खरा पेच उरतो तो जिवंत असलेल्या, पण परतीची आशा मावळलेल्या रुग्णापाशी.

आणि आशा मावळली हे ठामपणे सांगायचं कुणी? २००६मध्ये ब्रिटनमध्ये अशाच निश्चेतन समजल्या गेलेल्या एका तरुणीला ‘टेनिस खेळतेस अशी कल्पना कर’ असं सांगितलं गेलं. स्कॅनमध्ये तिच्या मेंदूचा नेमका तोच भाग उजळला, जो निरोगी माणसात उजळतो. उलट बाजूला टोनी ब्लँडचा खटला आहे. हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत त्याच्या मेंदूचा वरचा भाग नष्ट झाला होता. नळीनं अन्न देणं हाही उपचारच, तो थांबवता येतो, असं १९९३मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सनं मानलं. भरवणं ही माया की उपचार, यावर आजही एकमत नाही.

७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विराणींची मागणी फेटाळली. अरुणांच्या वतीनं बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे आणि त्यांना अरुणा जगायला हव्या आहेत, असं न्यायालयानं म्हटलं. त्याच निकालानं इतर रुग्णांसाठी मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीनं उपचार थांबवण्याची वाट खुली केली. मालमत्तेवर डोळा असलेले नातेवाईक याचा गैरफायदा घेतील, ही भीतीही त्यात स्पष्ट नोंदवलेली आहे. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं अरुणा गेल्या. परिचारिकांच्या प्रेमाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. तरी अरुणांना स्वतःला काय हवं होतं, हे त्या ४२ वर्षांत कुणालाच विचारता आलं नाही, ही गोष्ट फार बोचते.

आपलं आयुष्य पुरे झालं असं ठरवणाऱ्याकडं महाराष्ट्रानं नेहमीच आदरानं पाहिलं आहे. पुण्याजवळच्या आळंदीतली संजीवन समाधी त्याची साक्ष आहे, १९८२ साली पवनारला अन्न-औषध नाकारणारे विनोबाही. पण ते शुद्धीत होते, बोलू शकत होते.

न बोलू शकणाऱ्यासाठी ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे शुद्धीत असतानाच उपचारांबद्दल लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, मान्यता दिली. जानेवारी २०२३मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष पुरते. आपल्या वतीनं निर्णय घेणाऱ्या विश्वासू माणसांची नावं त्यात लिहायची. एक प्रत स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडं द्यायची, म्हणजे पुणेकरांसाठी महापालिकेकडं. असे अधिकारी महाराष्ट्रात नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावं लागलं.

असं पत्र नसेल तरी वाट बंद नाही. रुग्णालयाचं एक वैद्यकीय मंडळ, त्यानंतर दुसरं, दोघांचं एकमत आणि कुटुंबाची संमती, मग दंडाधिकाऱ्यांना कळवणं, असा क्रम आहे. पण हे ठाऊक नसल्यानं अनेक कुटुंबं ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत’ या कागदावर सही करतात. घरी मग धाप लागलेल्या माणसाला ना औषध मिळतं, ना वेदनेवर उतारा. कायद्याच्या वाटेनं व्हेंटिलेटर काढला, तर वेदनाशमन आणि शुश्रूषा चालू ठेवण्याची जबाबदारी डॉक्टरांवरच राहते. आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांनी सही करण्याआधी ही कायद्याची वाट हक्कानं मागायला हवी.