भांडलो, पण परत तुमच्याच दारी!
फ्लॅट शेअर करणाऱ्यांना हा सीन नवा नाही. मुंबई क्रिकेटमध्येही तो घडलाय. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. तिकिटांच्या वाट्यावरून मुंबईच्या क्रिकेट असोसिएशनचं क्लबशी वाजलं आणि चालत दहा मिनिटांवर वानखेडे उभं राहिलं! १९७५ मध्ये तिथे पहिली टेस्ट रंगली. पुढे २०११च्या वर्ल्डकपसाठी वानखेडेची तोडफोड निघाली, मग मॅचेस नेणार कुठे? अर्थात ब्रेबॉर्नवर. डिसेंबर २००९ मध्ये तिथे १९७३ नंतरची पहिली टेस्ट झाली, सेहवागने २९३ ठोकले. (पॅव्हेलियन ब्रेबॉर्नचंच देखणं, आमचं स्पष्ट मत!) २०१०च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सचं ‘होम’ही तेच. २ एप्रिल २०११ची फायनल मात्र नव्या वानखेडेवर झाली.